कृपया पट्टा सैल करू नये

आदरणीय आत्या,

तुझा भाऊ, म्हणजे आमचे बाबा, एखादी गोष्ट मुद्दाम बिघडवू शकतात का? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे सुरुवातीलाच कबूल करते. मी त्यांना मी जन्मल्यापासून ओळखते, पण तू त्यांना ते जन्मल्यापासून ओळखतेस, म्हणून तुला विचारते आहे.

नमस्कार राहिलाच. तो पाठ ताठ ठेवून, कमरेतून वाकून आणि गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून केला आहे असं समज. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, असं तुझ्याकडच्या दादाकडून कळलं. बरं वाटलं. (डॉक्टरांनी शिवणकाम करू नकोस असं सांगितलं होतं, हेही त्याच्याकडूनच कळलं. त्याबद्दल मी काही बोलत नाही. वैद्यकीय सल्ला आपल्या घरात कसा पाळला जातो, हाच या पत्राचा विषय आहे.) इकडे सगळे ठीक आहेत. आई ठीक आहे, शिलाई मशीन ठीक आहे, आणि बाबा आणि मी गेला आठवडाभर एकमेकांशी धाकटीमार्फत बोलतो आहोत. धाकटी निरोप पोचवताना त्यात स्वतःचं दोन-चार वाक्यांचं अस्तर लावते, त्यामुळे भांडण चांगलं टिकाऊ झालं आहे.

आता मूळ गोष्ट. धाकटीनं अग्निशमन दलाच्या भरतीसाठी अर्ज केला होता, हे तुला माहीत आहे. लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, दोरावरून चढणंही झालं. शेवटी वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन पूर्ण खाली बसायचं आणि उठायचं, अशी चाचणी होती. आगीतून माणूस उचलून आणायचा तर ते यायलाच हवं, त्यात चूक काही नाही. धाकटी बसली तीही ऐटीत, पण उठताना तिचे दोन्ही गुडघे आत वळले आणि एकमेकांवर आपटले. तिथल्या शिट्टीवाल्या साहेबांनी शिट्टी वाजवली आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं की ताकद भरपूर आहे, पण हे गुडघे असेच राहिले तर पहिल्याच जिन्यावर मोडशील. फेरचाचणीला ये, सरळ गुडघे घेऊन ये. दुसऱ्यांदा चुकलीस तर मात्र तिसरी संधी नाही. फेरचाचणी तुमच्याच गावच्या मोठ्या मैदानावर आहे आणि ती आता जवळ आली आहे.

धाकटी घरी येऊन एका कोपऱ्यात बसली आणि काज करू लागली. (ती रागावली की काज करते. त्या दिवशी तिनं एका सदऱ्याला इतकी काजं केली की आईला त्यातली निम्मी बुजवावी लागली.) बाबा एवढंच म्हणाले, "आग विझवायला अख्ख्या जगात आपलीच पोरगी सापडली का?" हा नकार होता की काळजी, हे तेव्हाही कळलं नाही. दुकानातलं सगळं बारीक काम धाकटी करते. ती गेली तर बाबांचा उजवा हात जाईल, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही बोलून दाखवत नाही.

अशा वेळी मी पुढे झाले. आत्या, घरात पहिली पदवी येते ती काही भिंतीवर टांगण्यासाठी येत नाही, असं माझं मत आहे. एक जण शिकला की त्याचा उजेड आधी घरात पडला पाहिजे. (हे वाक्य मी बोलून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "पडू दे, पण आधी तो दिवा पुसून घे," आणि फडकं माझ्या हातात दिलं.) बाबा मला हल्ली विद्यापीठ म्हणतात. मी केंद्रातून घरी आले की आतल्या खोलीकडे बघून ओरडतात, "विद्यापीठ सुटलं, चहा टाका."

मी ज्या फिजिओथेरपी केंद्रात काम करते तिथे गुडघ्यांचं हे दुखणं रोज येतं. बसताना गुडघे आत पडतात याचा दोष बहुतेक वेळा गुडघ्यांचा नसतोच. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आळशी झालेले असतात. त्यांनी मांडी धरून ठेवायची, तर ते सोडून देतात, आणि बिचारा गुडघा मधल्यामध्ये बदनाम होतो. यावर एक साधा व्यायाम आहे. एक रुंद, ताणणारा पट्टा दोन्ही मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या जरा वर चढवायचा. पट्टा मांड्यांना आत ओढतो. आपण हळूहळू खाली बसायचं, मागे बुटकं स्टूल आहे अशा बेतानं, आणि बसताना पट्ट्याच्या विरुद्ध जोर लावून गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेला ठेवायचे. तसंच उठायचं. पट्टा आत ओढतो म्हणूनच ते आळशी स्नायू जागे होतात. ओढ नसेल तर जागं व्हायचं कारणच काय? मला हा व्यायाम फार आवडतो. त्यात एक तत्त्व आहे असं वाटतं. हे मी घरी समजावून सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे उठाबशा. तिनं काय केलंय?"

पट्टा कुठून आणायचा, तर दुकानात कमरपट्टीचं रुंद इलॅस्टिक होतंच. इथे माझी पहिली चूक झाली. मी बाबांनाच तो शिवून द्यायला सांगितला. त्यांनी टेप काढली, धाकटीच्या मांड्यांचं माप घेतलं, आणि मी म्हणाले, "यापेक्षा चांगला आखूड करा." आत्या, तू त्या वेळी त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. मापापेक्षा आखूड शिवा असं त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. मापापेक्षा दोन बोटं सैल, हा त्यांचा धर्म, आणि तो त्यांना तूच दिलास. तू त्यांच्याकडून शिवून घेतलेल्या पहिल्या सदऱ्याचा मुंढा काखेत ओढत होता म्हणून तू तो त्यांच्या अंगावरच उसवलास, ही गोष्ट ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. जो कपडा ओढतो तो कपडा नव्हे, असं तू म्हणाली होतीस म्हणे. त्यांनी पट्टा माझ्या मापानं शिवून दिला, पण देताना तो चिमटीत धरून दिला.

व्यायाम दुकानात, ट्रायलच्या उंच आरशासमोर सुरू झाला. घरात तेवढा एकच आरसा आहे ज्यात गुडघे दिसतात. दुपारी गिऱ्हाइकं कमी असतात, त्या वेळी धाकटी बसायची, उठायची. आई मशीनवरून बघायची आणि उसासे टाकायची. पहिले दोन दिवस उत्तम गेले. धाकटी घामाघूम व्हायची, मांड्यांवर वळ उठायचे, खुबे दुखायचे, म्हणजे सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. (हे आपलं जुनं गिऱ्हाइक. बोलताना प्रत्येक वाक्य तीनदा म्हणतात. कोर्टातली सवय.) त्यांनी धाकटीला बसताना पाहिलं आणि हे काय, हे काय, हे काय, असं विचारलं. आता एखाद्यानं स्वतःहून विचारल्यावर ज्ञान नाकारणं मला जमत नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी करून बघायची इच्छा दाखवली. मी पट्टा त्यांच्या मांड्यांवर चढवला, पावलं नीट ठेवायला लावली, आणि ते खाली बसले. अर्ध्यावर पोचले तेव्हा त्यांची पँट मागून, कमरेपासून खालपर्यंत, एखाद्या फेटाळलेल्या अर्जासारखी फाटली.

बाबा उठले, चष्मा लावला, वकीलसाहेबांच्या मागे जाऊन बसले आणि शिवण तपासली. मग अतिशय समाधानानं म्हणाले, "आपली नाही. दुसरीकडून शिवलीय." वकीलसाहेबांना टेबलामागे बसवून आईनं पँट शिवून दिली, ते तीनदा आभार मानून गेले, आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? ओढलं की असं होतं." मला वाटलं ते पँटबद्दल बोलताहेत.

त्यानंतरचे काही आठवडे फार सुखाचे गेले. इतके सुखाचे की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. धाकटी हसत हसत बसायची, हसत हसत उठायची. वळ गेले. खुबे दुखायचे थांबले. मी हे प्रगतीचं लक्षण धरलं आणि केंद्रातल्या मोठ्या मॅडमना अभिमानानं सांगितलं की आमच्या घरी घरगुती साधनांनी, घरच्या माणसांच्या सहकार्यानं उपचार चालू आहेत. मग एके दिवशी मी धाकटीच्या खांद्यावर पोत्याऐवजी सूटिंगचे दोन तागे ठेवले आणि बसायला सांगितलं. ती बसली, उठली, आणि तिचे गुडघे जुन्या मैत्रिणींसारखे येऊन एकमेकांना भेटले. अगदी पहिल्या दिवशीसारखे. एवढ्या दिवसांच्या मेहनतीनंतर कणभरही फरक नव्हता. धाकटीनं तागे उतरवून जागेवर ठेवले आणि एक सदरा ओढून काज करायला बसली.

तिला तसं बसलेलं बघून माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की माझा शास्त्रावरचा विश्वास थोडा आणि स्वतःवरचा बराच हलला. आई म्हणाली, "तू पदवी घेतल्यापासून या घरात कुणाला नीट बसता येईना झालंय." मी दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पट्टा दाखवायला सांगितला. मी तो पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो दोन हातांत धरून ताणला. ताणायला काही नव्हतंच, तो खाली लोंबला. मॅडम म्हणाल्या, "हा पट्टा आहे की पडद्याची झालर?"

मग मी पहिल्यांदा तो उलटून पाहिला. इलॅस्टिकच्या मधोमध साध्या कापडाचा एक चांगला रुंद तुकडा जोडलेला होता. रंग तंतोतंत जुळवलेला, शिवण इतकी बारीक की बोटालाही लागत नव्हती. असा टाका आपल्या घराण्यात दोनच माणसं घालतात, आणि दुसरी तू. तू तर इथे आली नव्हतीस.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं.

"बाबा, पट्टा तुम्ही सैल केलात?"

"हो. ओढत होता."

"अहो, तो ओढायलाच हवा!"

"कशाला? पोरीच्या मांडीवर वळ उठले होते. मी जेवायला बसलो तर मला ते वळच दिसायचे. एक तुकडा घातला, काम झालं. तिला विचार, कुठे लागतंय का आता."

"लागत नाही हेच तर चुकलं!"

"आपल्या दुकानात लागत नाही म्हणून कुणी तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही," असं म्हणून त्यांनी कात्री उचलली. कात्री उचलली की बोलणं संपलं, हे तुला माहीत आहेच. मी तेव्हा एक वाक्य बोलले जे बोलायला नको होतं. म्हणाले, "तिनं जाऊच नये म्हणून केलंत ना हे?" बाबांनी कापड कापणं थांबवलं नाही, पण रेघ वाकडी गेली. बाबांची रेघ वाकडी गेलेली मी प्रथमच बघितली. तेव्हापासून आम्ही धाकटीमार्फत बोलतो.

आता तुझ्या लक्षात आलं असेल की पहिल्या ओळीतला प्रश्न कुठून आला. एका बाजूनं बघितलं तर त्यांनी फक्त तू शिकवलेलं केलं. ओढणारी वस्तू दिसली, हातात सुई होती, सैल करून टाकली. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर धाकटीची निवड झाली नाही तर काजं होत राहणार, दुकान चालत राहणार. मी दोन्ही बाजू कितीही वेळा मांडल्या तरी कुठलीही खोटी ठरत नाही. पदवीत हे शिकवत नाहीत.

दरम्यान मी केंद्रातून रबरी पट्टा आणला आहे. तो अखंड आहे, त्याला शिवणच नाही, त्यामुळे उसवता येत नाही. (बाबांनी तो एकदा उचलून, फिरवून फिरवून शिवण शोधताना मी पाहिलं. सापडली नाही. खाली ठेवला.) धाकटी पुन्हा घामाघूम होते आहे, वळ परत आले आहेत, आणि आरशात पाहिलं तर भार नसताना दोन्ही गुडघे सरळ राहतात. तागे ठेवले की उजवा राहतो आणि डावा अजून थोडा आत डोकावतो. दिवस कमी आहेत. घरातलं वातावरण व्यायामाला अनुकूल नाही, कारण ती खाली बसली की बाबा तोंड फिरवतात, आणि तिनं ते बघितलं की तिचा डावा गुडघा लगेच आत जातो. हे मी स्वतः आरशात पाहिलेलं आहे. शास्त्रात याला काही नाव नाही.

म्हणून हे पत्र. तू बाबांना एक पत्र लिही, एवढीच माझी विनंती आहे. त्यांना फक्त तुझं पटतं. त्यात लिही की काही वस्तू ओढाव्या लागतात. हे तुलाही मान्य नाही हे मला ठाऊक आहे, पण एका मुलीच्या नोकरीसाठी निदान तसं लिही.

दादाला आणि वहिनीला नमस्कार. डोळ्यांना जप, शिवायचंच असेल तर उजेडात शिव.

तुझी भाची,
विद्यापीठ

ता. क. पत्र पुन्हा वाचल्यावर वाटलं, खरं काय हवंय ते मी लिहिलंच नाही. पत्रांनी काही होणार नाही. फेरचाचणी होईपर्यंत धाकटीला तुझ्याकडे ठेवून घेशील का? मैदान तिथून जवळ, आणि घरात तोंड फिरवणारं कुणी नाही. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आल्यावर काय ते ठरवू.

ता. क. २. आज सकाळी बाबांनी निरोप्याशिवाय माझ्याशी बोलायला सुरुवात केली. म्हणाले, "आक्काला लिहिलंस ते टाकू नकोस अजून." त्यांना कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नव्हता, मी कटिंगच्या टेबलावरच बसून लिहीत होते. मग त्यांनी खणातून एक पँट काढली. धाकटीच्या मापाची, गडद, जाड कापडाची. त्यांनी तिला ती घालून आरशासमोर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. कमरेत सैल, मागे सैल, कुठेही सुरकुती नाही. मग धाकटी बसता बसता थांबली आणि म्हणाली, "बाबा, मांडीत ओढतंय."

"ओढायलाच पाहिजे," बाबा म्हणाले. "आतून बघ."

पँटच्या आत, गुडघ्यांच्या जरा वर, दोन्ही पाय एकमेकांना जोडणारी इलॅस्टिकची पट्टी होती. तीच, पहिली, आखूड. मधला तुकडा काढून टाकलेला. "चाचणीत ही चालायची नाही," बाबा म्हणाले, "म्हणून कच्च्या टाक्यांनी लावलीय. आदल्या दिवशी दोरा ओढला की सुटेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आक्काला सांग, त्याआधी हात लावायचा नाही. नाही सांगितलंस तर ती लावेल." आई मशीनवर डोकं खाली घालून शिवत होती. पायाखाली पेडल चालू होतं, पण सुईखाली कापड नव्हतं.

मी पँट हातात घेऊन बघितली. बाबांच्या हातचा ओढणारा कपडा मी आजवर पाहिला नव्हता. टाके मात्र नेहमीसारखेच, एकसारखे.

ता. क. ३. तुझ्या उत्तराची वाट बघायचं मी म्हटलं होतं, ते रद्द. हे बसस्थानकाच्या बाकावर बसून लिहिते आहे. धाकटी खिडकीची जागा धरून बसली आहे, ड्रायव्हर चढला आहे, बाबा फलाटावर तिच्या पिशवीचा बंद परत परत तपासताहेत. (सैल आहे का घट्ट, कोण जाणे.) पत्र टपालात टाकलं नाही, तिच्याच हाती देते आहे. म्हणजे हे तू वाचत असशील तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल. तिला आत घे, पाणी दे, आणि पँट इस्त्री करायच्या निमित्तानं उलटी करून बघू नकोस. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी सांगितलंय तसा दोरा ओढ. तोपर्यंत ओढू दे.